मी उंबरटेकला नेलेली माणसं

६ नोव्हेंबर, गुरुवार

दोन वर्षं आर्किटेक्चरच्या वर्गात मी भिंतीकडेला बसणारी मुलगी होते. आज रुद्र आपणहून माझ्या टेबलापाशी आला.

या सत्रात खेड्यातली वस्ती मोजून तिचे नकाशे काढायचे आहेत. तिघातिघांचे गट. बाकीच्यांनी हायवेलगतची गावं धरली, सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायला सोयीची. रुद्र म्हणाला, "संध्या, तुझे मामा बेटावर राहतात ना? आपण तिथेच जाऊ. तू, मी, उज्वला. शनिवार-रविवार राहू."

पहिल्या वर्षी कधीतरी कँटीनमध्ये मी ते बोलून गेले होते. नंतर वाटलं होतं, उगाच बोलले. त्याच्या लक्षात राहिलं!

बेट म्हणजे समुद्रातलं नव्हे. घोटीच्या आत डोंगरात धरण झालं तेव्हा आईच्या माहेरचं गाव बुडालं, भाताची खाचरं बुडाली. टेकडीचा माथा तेवढा पाण्याबाहेर राहिला. सरकारने दुसरीकडे दिलेल्या जमिनीत नुसता खडक, म्हणून आजोबा परत आले आणि माथ्यावर घर बांधून राहिले. उंबरटेक. आता तिथे एकच घर आहे, मामा-मामीचं. वीज नाही, शाळा नाही. जायचं तर होडीने.

मी एवढंच म्हणाले, "तिथे सोय नाहीये काही."

"म्हणून तर जायचं," रुद्र म्हणाला. "इतकी वेगळी जागा तुझी स्वतःची आहे आणि तू लपवून ठेवतेस?"

उज्वला लगेच तयार झाली. ती माझी वर्गातली एकुलती मैत्रीण. घरी येताना बसमध्ये मला एकटीलाच हसू येत होतं.


१४ नोव्हेंबर, शुक्रवार

मामाशी बोलणं झालं. "ये की, घेऊन ये पाव्हन्यांना. भात झोडायला हात लागतील तेवढंच," म्हणाला आणि स्वतःच हसला.

आईला मात्र काळजी. "त्या पोरांना संडासाचं कसं गं जमायचं? मामीला अगोदर सांगून ठेव, तिखट कमी टाक."

बाबांनी इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला होता. त्यांना शनिवारी सुट्टी. म्हणाले, "मी पण येतो, तुझ्या दोस्तांची ओळख होईल. रुद्रचे वडील मोठे माणूस, असं ऐकलंय." मी म्हटलं गाडीत जागा नाही. जागा आहे तशी. पण बाबा ऑफिसात शिपाई आहेत, आणि कुणी मोठं माणूस भेटलं की ते पटकन उभे राहतात, समोरच्याची बॅग धरायला जातात. मला ते बघवत नाही. बाबांनी शर्ट परत खिळ्याला अडकवला.


१५ नोव्हेंबर, शनिवार
उंबरटेक. ओट्यावर बसून लिहिते आहे, अजून उजेड आहे.

रुद्रची गाडी घेऊन सोमनाथकाका आले होते. ते रुद्रच्या वडिलांच्या ऑफिसात असतात. रुद्र म्हणाला, "पप्पा एकट्याला गाडी देत नाहीत, म्हणून काका." घोटीत चहा घेतला, मग आतल्या रस्त्याने धरणाच्या काठापर्यंत. मामा होडी घेऊन उभाच होता. होडीत चढताना उज्वलाने माझा दंड असा धरला होता की अजून वळ आहे.

होडीत रुद्र माझ्याशेजारी बसला. मध्येच म्हणाला, "तुझं जातपडताळणीचं सर्टिफिकेट आलंय ना हातात?"

मी म्हटलं, "हो, ॲडमिशनच्या वेळीच. कोळी महादेव. का?"

"काही नाही. त्यात लोकांचं फार अडकतं ना, म्हणून विचारलं."

वर्गात आजवर कुणी माझ्या जातीबद्दल बोललं की त्यात कोट्याचा टोमणा असायचा. हा पहिला माणूस, ज्याने काळजीने विचारलं. मी पाण्यात हात घालून बसले, म्हणजे चेहरा त्याच्याकडे करायला नको.

मामी काठावर आली होती. "आलीस का गं बाय," म्हणून माझ्या तोंडावरून हात फिरवला, मग उज्वलाच्या. भाताची पेंढी रचायची बाकी आहे तरी तिने सगळं घर सारवून घेतलं होतं. जेवायला नव्या तांदळाचा भात आणि मामाने पहाटे धरलेल्या मासळीचं कालवण. उज्वला नुसती भाकरी खात होती. रुद्रने दोनदा भात घेतला, ताट चाटूनपुसून साफ केलं आणि म्हणाला, "मामी, असं जेवण नाशिकला हजार रुपये दिले तरी मिळत नाही."

मामी तोंडाला पदर लावून हसली. मला इतकं बरं वाटलं! माझं घर बघून कुणी नाक मुरडलं नाही. उलट रुद्र अंगणाच्या कडेला उभा राहून सगळीकडे बघत म्हणाला, "इथून सूर्य थेट पाण्यात बुडतो यार. हे लोकांना माहीतच नाहीये."


१६ नोव्हेंबर, रविवार

सकाळपासून मोजमाप. मी आणि उज्वलाने घर मोजलं, गोठा, खळं, पाणवठा. टेप धरायला मामीला उभी केली तर ती लाजून चूर झाली. रुद्रने ड्रोन उडवला. कोंबड्या जिवाच्या आकांताने गोठ्यात पळाल्या. सोमनाथकाका फोन हातात घेऊन बेटाच्या कडेकडेने चालत गेले आणि बऱ्याच वेळाने दुसऱ्या बाजूने आले. या वयात चालायची हौस आहे त्यांना.

दुपारी मामा त्यांच्याशी छान बोलत बसला. काका विचारत होते, उन्हाळ्यात पाणी किती खाली जातं, मोठी होडी लागेल का, सातबारा कुणाच्या नावावर आहे. मामा सांगत होता. आजोबांनंतर त्याचंच नाव लागलंय. मग मामाची गाडी सुरू झाली ती थांबेना. विजेच्या खांबासाठी किती वेळा अर्ज केले ते. सगुणाला, म्हणजे मामाच्या मुलीला, सहा वर्षांची असताना आश्रमशाळेत टाकावं लागलं, ती सुट्टीला येते ती पाहुण्यासारखी. मामीच्या अंगावरून एकदा खूप रक्त गेलं, तेव्हा वारा असा सुटला होता की होडी काढता येईना. आत पोर होतं ते गेलं. हे मामा हसतहसत सांगतो. कठीण गोष्टी तो नेहमी हसतच सांगतो.

"मग इथे राहता कशाला?" काकांनी विचारलं.

"जायाचं कुठं?" मामा म्हणाला. "घोटीत खोली घ्यायची म्हनलं तरी हाय का आपल्याकडं काय?"

मी तेव्हा घराचा सेक्शन, म्हणजे उभा छेद, काढत होते, म्हणून पुढचं ऐकलं नाही. काका आणि मामा उठून उंबराच्या झाडाकडे गेले आणि बराच वेळ बोलत उभे होते. निघताना काकांनी मामीच्या हातात साडीचा बॉक्स ठेवला. एक रात्र राहिलो तर केवढा तो मोठेपणा.

होडीत चढताना मामी माझ्या कानाशी आली. "तुझी मान्सं लय मोजत्यात गं."

मला हसू फुटलं. "अगं, अभ्यासच आहे तो आमचा."

"आस्सं," म्हणाली.

परत येताना गाडीत उज्वला पुढे बसली, काकांशेजारी. मी आणि रुद्र मागे. तो सगळ्या वाटेत फोटो दाखवत होता. आजचा दिवस मला पुसायचा नाहीये. एवढंच लिहिते.


२५ नोव्हेंबर, मंगळवार

शीट्स पूर्ण. बेटाचा कंटूरचा नकाशा मी एकटीने काढला, कुठून चढ, कुठून उतार, कुठे सपाटी, सगळं मला पायांनी पाठ आहे. मॅडम म्हणाल्या, वर्गातलं सगळ्यात चांगलं काम. रुद्रने सगळ्यांसमोर सांगितलं, "नकाशा संध्याचा आहे."

त्याने शीट्स स्कॅन करायला नेल्या.


३ डिसेंबर, बुधवार

रुद्रच्या घरून जेवणाचं बोलावणं! शनिवारी. त्याच्या वडिलांना, नानांना, मला भेटायचंय. मी विचारलं, "उज्वला पण?" तर म्हणाला, "नाही, तूच."

आईला सांगितलं. ती म्हणाली, "लोकं कोण आहेत ती?" मी म्हटलं, मराठा, ओझरकडचे, शेती होती, आता प्लॉटिंगचा धंदा आहे. "मग तुला कशाला बोलावतील?" आईला सगळ्यात काहीतरी काळंबेरं दिसतं. मी चिडले. जेवले नाही.


६ डिसेंबर, शनिवार

क्रमाने लिहिते, नाहीतर लिहिता येणार नाही.

गंगापूर रोडला बंगला. मी आकाशी ड्रेस घातला होता. रुद्रच्या आईने दारातच "ये गं बाळा" म्हटलं, पुरणपोळी केली होती. नाना म्हणजे गोरक्षनाना, पांढरा शर्ट, मऊ आवाज. मला "बेटा" म्हणत होते. जेवण झाल्यावर मला खालच्या ऑफिसात नेलं. रुद्र पण आला.

भिंतीवर माझा नकाशा होता. मोठा करून लावलेला. मला आधी नुसता अभिमान वाटला, हे लिहायला हवं. मग दिसलं की त्यात घरं जास्त आहेत. पाण्याच्या कडेने छोटी छोटी, ओळीने. मामाचं घर जिथे होतं तिथे मोठा गोल काढून 'रेस्टॉरंट' लिहिलं होतं. मी रुद्रला म्हटलं, "पुढच्या सत्राचं डिझाइन?" तो खिडकीकडे बघत होता.

नाना म्हणाले, "बस बेटा. तुझ्याशी घरच्यासारखं बोलतो."

मग त्यांनी सांगितलं. बेटावर रिसॉर्ट करायचंय, मामा जमीन द्यायला तयार आहे. घोटीत त्याला खोली घेऊन देणार, वर रक्कम. पण जमीन आदिवासीची, ती त्यांच्यासारख्या बिगर-आदिवासीच्या नावावर होत नाही. आदिवासीच घेऊ शकतो. "तुझ्या नावावर घेऊ. तू त्यांची भाची, कुणी बोट दाखवणार नाही. पैसा सगळा आमचा, काम सगळं आमचं. तुझी सही फक्त. डिग्री झाली की तिथलं आर्किटेक्टचं काम तुलाच. आपल्या घरचीच आहेस तू."

मी विचारलं, "मग जमीन माझी होणार?"

नाना हसले. "कागदावर तुझीच. बाकी तुझ्याकडून वेगळं लिहून घेऊ आम्ही, व्यवहार म्हटला की ते आलंच."

सोमनाथकाका दारात उभे होते. त्या रविवारी उंबराखाली ते काय बोलत होते, ते तेव्हा कळलं. सर्टिफिकेटचं होडीत का विचारलं, तेही. मी रुद्रकडे बघितलं. तो म्हणाला, "संध्या, यात सगळ्यांचाच फायदा आहे. मामांचापण. तूच म्हणाली होतीस ना, तिथे सोय नाही म्हणून?"

मी नाही म्हणाले नाही. ते लिहून ठेवते. "विचार करून सांगते," म्हणाले, नमस्कार केला, रुद्रच्या आईने डब्यात भरून दिलेल्या पुरणपोळ्या घेतल्या. रुद्र सोडायला आला तेव्हा गाडीत मी त्याच्याशी परीक्षेबद्दल बोलत होते. अगदी नेहमीसारखं. उतरताना तो म्हणाला, "तू रागावली नाहीस ना?" आणि मी म्हणाले, "छे."

पोळ्या आईने खाल्ल्या नाहीत. बाबांनी खाल्ल्या. फार चांगल्या झाल्यात म्हणाले.


८ डिसेंबर, सोमवार

उज्वलाला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती उसळेल. ती शांतपणे स्केल पुसत होती.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"मला वाटलं तुलापण माहीत आहे," ती म्हणाली. "अगं, सातबारा कुणाचा वगैरे काका विचारत होते, तू शेजारीच तर बसली होतीस. मला वाटलं तुमचं आपापसात ठरलंय. म्हणून तर तो तुझ्या एवढं मागेपुढे करत होता."

मागेपुढे. सगळ्या वर्गाला दिसत होतं तर.

मग म्हणाली, "आणि खरं सांगू? मी तुझ्या जागी असते तर सही केली असती. तुला त्या जागेचं एवढं काय आहे? दोन वर्षांत तू तिचं नाव तरी काढलंस का कुणापुढे?"




१४ डिसेंबर, रविवार

घरी न सांगता उंबरटेकला गेले. एस्टीने घोटी, पुढे जीप. काठावरून हाका मारल्या, मामा होडी घेऊन आला. एकटीला बघून म्हणाला, "दोस्त कुठं?"

होडीतच बोलायला सुरुवात केली. मामा, तू हो का म्हणालास. ते तुझं घर पाडणार आहेत. ते मला पुढे करून जमीन घेतायत.

मामा वल्हवत राहिला. म्हणाला, "ठावं हाय."

"मग?"

"मग काय? तुझ्याच नावावं होनार व्हती म्हनून मी हो म्हनलं. दुसऱ्या कुना पाटलाला दिली असती का? सोमनाथभाऊ म्हनला, भाचीच्या नावावं करू, जमीन घरातच राहील."

"मामा, ते नुसतं कागदावर. माझ्याकडून वेगळं लिहून घेणार आहेत. मी काही म्हणू शकणार नाही तिथे."

"कागदावं का असंना."

मी रडायला लागले. म्हटलं, मी सही करणार नाही. तेव्हा मामाने वल्हं आत घेतलं. होडी पाण्यात नुसती उभी. मी मामाला हसता-हसता बोलतानाच पाहिलंय. आज तो हसत नव्हता.

"तू नाशकात राह्यतीस," तो म्हणाला. "बटन दाबलं का दिवा. तुझी आय इथून लगीन होऊन सुटली. मी नाय सुटलो. माझी पोर दुसऱ्याच्या हातचं खाऊन वाढली. माझं एक पोर हितं ह्या पान्याच्या अल्याड मेलं. आन तू मला शिकवाय आलीस, का मामा जमीन सोडू नको? तुला काढायचं चित्र, म्हनून मी हितं कुजायचं?"

"मामा, मी तसं..."

"तूच आनलीस ना ती मान्सं? मी बोलवाय गेलो व्हतो?"

त्याने होडी वळवली. मला बेटावर उतरवलंच नाही, परत काठाला आणून सोडलं. पलीकडे मामी अंगणात उभी राहून बघत होती. हात कपाळावर धरून, कोण आलंय ते ओळखायला.


१६ डिसेंबर, मंगळवार

रुद्रला "नाही" सांगितलं. कॉलेजच्या पार्किंगमध्ये. वाटलं होतं तो समजावेल, भांडेल, निदान सॉरी म्हणेल.

"ठीक आहे," म्हणाला. "पप्पांना सांगतो." आणि हेल्मेट घातलं.


२९ डिसेंबर, सोमवार

नवीन सत्राचे गट पडले. रुद्र आणि उज्वला एकात. मी मागच्या भिंतीकडेला. कुणी वाईट वागत नाही. रुद्र समोर आला की "हाय" म्हणतो.

एक गोष्ट कुठेच बोलता येत नाही म्हणून इथे लिहिते. मला जमिनीचं जितकं दुःख व्हायला हवं तितकं होत नाहीये. जेवायला बोलावलं तेव्हा मी काय समजले होते, त्याचंच होतंय.


११ जानेवारी, रविवार

बाबा आज पेढे घेऊन आले.

मला वाटलं, ऑफिसात काहीतरी बढती. आईपुढे बॉक्स धरला, मग माझ्यापुढे. "घे. आपण आता जमीनवाले."

नाना त्यांना भेटले होते. दोनदा. बाबांनी आम्हाला सांगितलं नव्हतं. नाव बाबांचं लागणार. बाबाही कोळी महादेव, मामाचे मेव्हणे, कुणी बोट दाखवणार नाही.

मी ओरडले. काय काय बोलले ते आठवत नाही. ते तुम्हाला वापरतायत, तुमचं काही नाही त्यात, उद्या काही झालं तर तुम्ही आत जाल. बाबा ऐकत होते. मग म्हणाले, "तू नाही म्हणालीस म्हणून माझ्याकडे आले. पोरीचं नाव कशाला अडकवायचं, माझं असू दे, म्हटलं मी."

"पण का बाबा?"

बाबा पेढ्याच्या बॉक्सची दोरी बोटाला गुंडाळत होते.

"मला खुर्ची दिली बसायला," ते म्हणाले. "नानांनी स्वतः ओढून दिली. झुंबरराव म्हणाले मला. चहा आला तो पहिला माझ्यापुढे ठेवला. ऑफिसात काल आलेलं पोरगं मला 'ए झुंबर' म्हणतं, आणि तो एवढा मोठा माणूस झुंबरराव म्हणतो. तुझ्या त्या रुद्रने तर वाकून नमस्कार केला."

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू मला त्या दिवशी गाडीत घेतलं नाहीस."

आई उठली, पेढ्यांचा बॉक्स उचलला आणि शेजारच्या पोरांना वाटून टाकला. परत आल्यावर म्हणाली, "माझं माहेर माझ्या नवऱ्याच्या नावावर होतंय. लोकं विचारतील तेव्हा मी काय सांगायचं, ते पण त्यांनाच विचारून या."


९ फेब्रुवारी, सोमवार

आज खरेदी झाली. उंबरटेकहून मामा आला होता, सही करायला. आमच्याकडे आला नाही, परस्पर गेला. बाबा म्हणाले, नानांनी सगळ्यांना हॉटेलात जेवण दिलं. मामा जेवला का, असं आईने विचारलं. बाबा म्हणाले, "जेवला. गप्प होता."


४ मार्च, बुधवार

आईला होळीला माहेरी जायचं होतं. "या वर्षी आहे तर जाऊन येऊ," म्हणाली. बाबा आले नाहीत, नानांकडे काहीतरी काम होतं. आम्ही दोघी गेलो.

मामाने होडीत घेतलं. माझ्याशी बोलला, म्हणजे "नीट बस" एवढं. घोटीतली खोली अजून मिळालेली नाही. बांधकाम चालू आहे, पावसाळ्यानंतर देऊ, असं सोमनाथकाकांनी सांगितलंय. तोवर इथेच राहा म्हणालेत. बेटाच्या कडेने चुन्याच्या खुणा मारल्यात आणि लोखंडी खांब रोवलेत. एक खळ्याच्या मधोमध आहे. त्याला मामीने दावं बांधून गाय उभी केली होती.

मामीने आईला मिठी मारली. दोघी रडल्या नाहीत, नुसत्या धरून उभ्या राहिल्या. मग मामी माझ्याकडे वळली. मी वाट बघत होते, आता तोंडावरून हात फिरवेल, बाय म्हणेल.

"बसा," मामी म्हणाली. "घोंगडी टाकते, खाली नका बसू."

मला वाटलं आईला म्हणतेय. पण ती माझ्याकडे बघत होती. चहा आणला तो कपबशीत. मला आधी, आईला नंतर.

"मामी, असं काय करतेस?"

"काय केलं? चा घ्या."

दुपारी आई आत पडली होती. मी अंगणात आले तर मामी डोक्यावर पालापाचोळ्याचा भारा घेऊन उभी होती. दर वर्षी या दिवसांत ती तुकडाभर जमिनीवर पाला, फांद्या, शेण पसरते आणि पेटवते. राब भाजणं म्हणतात त्याला. भाजलेल्या जागेवर पुढे भाताचं रोप करतात. राब भाजला नाही तर रोप नाही, रोप नाही तर त्या वर्षी भात नाही.

मामी म्हणाली, "इचारायचं व्हतं. यंदा राब भाजू का नको?"

मला समजलंच नाही. "म्हणजे?"

"न्हाय, जमीन तुमची झाली ना आता. भाजल्यावं कुनी काय म्हनाय नको. तुमच्या बाबांस्नी इचारून सांगता का?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी तिच्या पाया पडले असते, भांडले असते, काहीतरी केलं असतं. ती खरंच विचारत होती. माझी मामी, जिच्या मांडीवर मी उन्हाळ्याच्या सुट्ट्या झोपले, ती तिच्याच अंगणात माझ्यासमोर भारा घेऊन उभी होती.

मी म्हणाले, "भाज गं मामी. विचारायचं काय त्यात?"

ती हलली नाही. "तसं नगं. बाबांस्नी इचारा."

मी बाबांना फोन लावला. मागे माणसांचा आवाज येत होता, कुणीतरी हसत होतं. मी सगळं सांगितलं. मामी राब भाजायचा का विचारतेय, हो म्हणून सांगू ना?

बाबा आवाज खाली करून म्हणाले, "नाना आता जेवायला बसलेत. त्यांचं जेवण होऊ दे, विचारून सांगतो."

मी फोन ठेवला. उन्हात भारा डोक्यावर तसाच धरून मामी उभी राहिली, निरोप येईपर्यंत.